लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन गरम झालं की दम टाकतंय, पंप बदलू का?

वखार_कराड

नमस्कार मंडळी. आमची कराडजवळ जळणाची वखार आहे, वडिलांपासूनची. बेकरीवाले, हॉटेलवाले आणि दोन बॉयलरवाले आमच्याकडून फोडलेलं लाकूड नेतात. आधी सगळं कुऱ्हाड, पाचर आणि घणावरच चालायचं, पण आता ते काम करणारी माणसं मिळत नाहीत आणि जी होती त्यांचे खांदे गेले, म्हणून दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड हायड्रॉलिक मशीन घेतलं. आडवं आहे. साडेसात एचपी थ्री फेज मोटर १४४० आरपीएमची, गिअर पंप १२ सीसीचा, सिलिंडर १०० एमएम बोअर, रॉड ५०, स्ट्रोक ६००, हाताच्या हँडलचा व्हॉल्व, टाकी ३० लिटरची. रॉडच्या तोंडाला पाचर आहे, ती रेलवरनं सरकते आणि समोर जाड प्लेट. विकणाऱ्याने २० टनाचं मशीन म्हणून दिलं होतं.

प्रॉब्लेम असा की सकाळी चालू केलं की एक नंबर चालतं, बाभळीचा फूटभर जाडीचा ओंडका काडकन फुटतो. तासाभराने तेल गरम झालं की पाचर ओंडक्यात तीन-चार इंच शिरते आणि तिथंच अडकते, हँडल दाबून धरलं तरी पुढे सरकत नाही, मग मागे घ्या, ओंडका फिरवा, परत दाबा. दुपारी तर आंब्याच्या लाकडाला पण रडतंय. गंमत म्हणजे ओंडका नसताना रॉड पूर्ण बाहेर गेला की शेवटाला मोटर चांगली कण्हते, आणि दोनदा तर ओव्हरलोड (जास्त भार आला की मोटर बंद करणारा स्विच) पण पडलाय.

एक मेकॅनिक म्हणाला पंप गेला. दुसरा म्हणाला सील गेलं. चार महिन्यांपूर्वी सील किट टाकून घेतलं, आठ-दहा दिवस बरं चाललं आणि परत तेच. मग तिसऱ्याने रिलीफचा (जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्वचा) बोल्ट दोन फेरे आवळून दिला, तरी लाकडात काही फरक नाही. आता पंप बदलायचा विचार चाललाय. आणि एका व्हिडिओत बघितलं की ३२ नंबरचं, म्हणजे पातळ, तेल टाकलं की मशीन पळतं, ते टाकू का? सध्या ६८ आहे. रोज दोन-अडीच टन माल फोडायचा असतो, पावसाळ्याआधी साठा करायचाय, मशीन असं अडलं की गडी बसून राहतात आणि गिऱ्हाईक फोन करतं. कुणाला खात्रीने माहीत असेल तर सांगा, अंदाजावर पैसे घालवून झालेत.

---

फेज_बघा_आधी

दादा, व्होल्टेज बघितलं का? आमच्या चक्कीला दुपारी ३४० च्या खाली जातं आणि मोटर नुसती गरम होते. आणि डीपीवर (लाइटच्या ट्रान्सफॉर्मरवर) काम झालं असेल तर फेज उलटून मोटर उलटी फिरते, गिअर पंप उलटा फिरला की तेलच देत नाही. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचे अँपिअर बघा, फुकटातलं काम आहे.

---

वखार_कराड

मोटर सुलटीच फिरतीय, बाण बघून खात्री केली. व्होल्टेज दुपारी ३९५ च्या आसपास. अँपिअर आत्ताच बघितले, लाकडात अडकलं तेव्हा ७ अँपिअर, आणि शेवटाला १३ च्या वर गेला म्हणून लगेच हँडल सोडलं.

---

पॉवरपॅक_सांगली

दादा, पंप घेऊ नका. निदान आज तरी नका.

मी गेली २२ वर्षं पॉवरपॅक (मोटर, पंप आणि टाकीचा संच) आणि सिलिंडरचीच कामं करतोय, प्रेस, बेलिंग मशीन, टिपिंग ट्रॉलीचे जॅक, सगळं. दर महिन्याला असा एक माणूस येतो ज्याने पंप बदललेला असतो, सील बदललेलं असतं, तेल बदललेलं असतं आणि प्रेशर मोजायचं गेज मात्र एकदाही लावलेलं नसतं. ताप किती आहे हे न बघता गोळ्या दिल्यासारखं आहे ते. तुम्ही जे अँपिअर दिलेत ते मला गेजच्या खालोखाल वाटतात, त्या फेजवाल्या भाऊंनी फार चांगली गोष्ट करायला लावली. साडेसात एचपीच्या मोटरला फुल लोडला साधारण ११ अँपिअर लागतात. लाकडात अडकलंय आणि मोटर ७ च खातीय म्हणजे पंपासमोर अडथळाच उभा राहत नाहीये, तेल कुठनंतरी निसटतंय. आणि शेवटाला १३ खातीय म्हणजे तिथं प्रेशर बनतंय, नको तेवढं बनतंय. पंप खरंच झिजलेला असता तर त्याने शेवटाला पण १३ खाल्ले नसते. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहिलंत पण मला तेच सगळ्यात खटकलं.

आता पहिलं काम, तो रिलीफ परत सैल करा. रिलीफ हा जोर वाढवायचा स्क्रू नाही, तो जास्तीचं प्रेशर टाकीत सोडून द्यायचा दरवाजा आहे. दरवाजा घट्ट लावून घेतला म्हणून घरात पाणी वाढत नाही, पाणी दुसरीकडनं गळत असेल तर गळतच राहणार. उलट शेवटाला होज फुटायची, रॉडचं वेल्डिंग सुटायची भीती. आणि २० टनाचं म्हणाल तर साधा हिशोब करा, १०० बोअरचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. १५० बारला (बार म्हणजे प्रेशरचं माप) जोर येतो १२ टन. २० टन पाहिजे तर २५० बार लागतील आणि १२ सीसीच्या पंपाला २५० बारला फिरवायची ताकद साडेसात एचपीत नाही, मोटर पडणारच. म्हणजे तुमचं मशीन १२ टनाचंच आहे, आणि १२ टन तुमच्या कामाला पुरतात, सकाळी फोडतंय की ते काडकन.

दुसरं काम गेज. ४०० बारचं ग्लिसरीन भरलेलं घ्या, २५० चं नको, कारण रिलीफ किती आवळलाय कुणाला माहीत. व्हॉल्वमधनं सिलिंडरच्या मागच्या पोर्टला जी लाइन जाते तिच्यात टी टाकून बसवा. नट सोडायच्या आधी मोटर बंद, मेन स्विच काढलेला, आणि हँडल दोन्हीकडे चार वेळा हलवून लाइनमधलं प्रेशर मोकळं करा. मग रिलीफ पूर्ण सैल करून मोटर चालू करा, रॉड शेवटाला नेऊन हँडल धरा आणि दुसऱ्या माणसाला हळूहळू रिलीफ आवळायला सांगा, १५० ला थांबा, चेकनट टाइट करा.

त्यानंतर चार आकडे लिहून काढा. थंड असताना शेवटाला किती, थंड असताना न फुटणाऱ्या गाठीच्या ओंडक्यात अडकवून किती, आणि तेल गरम झाल्यावर तेच दोन आकडे परत. ओंडक्यात अडकवताना समोर कुणी उभं राहू नका, बाजूला. ते चार आकडे इथं टाका, बाकीचं मग बोलू.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बारीक गळती शोधायला पाइपावरनं हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातनं १०० बारचं तेल कातडी फोडून आत जातं, वरनं टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखत पण नाही फारसं, आणि आतलं मांस सडायला लागतं. माझ्या एका हेल्परचं बोट असंच गेलं, त्याने दोन दिवस हळद लावली होती. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. आणि कधी असं झालंच तर जखम कितीही लहान दिसू दे, त्याच तासाला सर्जनकडे जायचं आणि हायड्रॉलिकचं तेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

---

मिशिगन_मराठी

इथे अमेरिकेत थंडीत घराला लाकडाचा स्टोव्ह आहे म्हणून मी पण असं मशीन वापरतो, साडेसहा एचपीचं पेट्रोल इंजिन आहे. ३२ नंबरच्या तेलाबद्दल लिहावंसं वाटलं कारण ते व्हिडिओ बहुतेक इकडचेच असणार. इथं जानेवारीत उणे १५ मध्ये लाकूड फोडावं लागतं, जाड तेल टाकलं तर इंजिनची दोरी ओढून खांदा निखळतो आणि पंपाला तेल ओढताच येत नाही, म्हणून आम्ही ३२ घालतो. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४० असतं. तिथं ३२ घातलं तर जे तेल आत्ता निसटतंय ते आणखी सहज निसटेल. कृपया नका टाकू.

अजून एक, आमच्या मशीनांना दोन टप्प्यांचा पंप असतो. त्यात दोन गिअरच्या जोड्या असतात, लाकूड लागेपर्यंत दोन्ही मिळून भरपूर तेल देतात म्हणून रॉड पळत जातो, आणि अडथळा आला की मोठी जोडी आपलं तेल मोकळं सोडून देते आणि लहान जोडी एकटी प्रेशर बनवते. त्यामुळे लहान इंजिनला पण जोर झेपतो. तुमचा एका टप्प्याचाच दिसतोय, रॉड सगळीकडे एकाच वेगाने जातो ना? तसं असेल तर इकडच्या व्हिडिओतले पंपाचे उपाय तुम्हाला लागूच होणार नाहीत.

माझ्या मशीनचा जोर गेला होता तेव्हा सक्शनच्या होजचं आतलं रबर सुटून तोंडाशी गोळा झालं होतं, बाहेरनं पाइप नवा दिसायचा. पण तेव्हा पंप किंचाळायचा आणि तेल दुधासारखं फेसाळायचं. तुमच्या तेलाला फेस येतो का?

---

वखार_कराड

फेस अजिबात नाही, किंचाळत पण नाही. ३२ चा विचार सोडला. रॉड सगळीकडे एकाच वेगाने जातो, रिकामा पूर्ण बाहेर यायला १६-१७ सेकंद लागतात.

सांगलीचे दादा, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. रिलीफ बघितला तेव्हा शेवटाला १९० दाखवत होतं, १५० ला आणून ठेवलं. आता आकडे. थंड असताना शेवटाला १५०, चिंचेच्या गाठीत अडकवून १४०. दीड तास काम केल्यावर टाकीचं टेंपरेचर ६८, तेव्हा शेवटाला १४५ आणि त्याच चिंचेच्या गाठीत ८५. दोन-तीनदा करून बघितलं, ८५ ते ९० च्या मध्येच काटा थरथरतो आणि वर जातच नाही. शेवटाला मात्र लगेच १४५. मला काहीच कळेना, एकच पंप, एकच तेल, मग दोन ठिकाणी दोन आकडे कसे?

---

पॉवरपॅक_सांगली

बास. सापडलं.

तुम्हीच बरोबर प्रश्न विचारलाय, एकच पंप एकच तेल आणि दोन आकडे. पंपाला पिस्टन कुठं आहे ते कळत नाही. रिलीफला कळत नाही. हँडलच्या व्हॉल्वला पण कळत नाही. ते खराब असते तर शेवटाला आणि मध्ये सारखंच प्रेशर पडलं असतं. पिस्टन कुठं आहे यावर फरक पडतो अशी अख्ख्या मशीनमध्ये एकच वस्तू आहे ती म्हणजे सिलिंडरची नळी, बॅरल. तुमच्या बॅरलला मध्ये कुठंतरी ओरखडे आहेत किंवा तेवढ्या पट्ट्यात ती झिजून मोठी झालीय. पिस्टन त्या पट्ट्यात आला की तेल त्याला वळसा घालून पुढच्या बाजूला जातं आणि टाकीत परत, आणि पट्टा ओलांडून शेवटाला गेला की नळी चांगली आहे म्हणून परत प्रेशर धरतो.

सकाळी का चालतं ते पण यातच आलं. ६८ नंबरचं तेल सकाळी ३० डिग्रीला जेवढं घट्ट असतं त्यापेक्षा ६८ डिग्रीला चार-पाचपट पातळ होतं. घट्ट तेल त्या फटीतनं कमी निसटतं म्हणून १४० धरतं, पातळ झालं की ८५. आणि ८५ बारला तुमच्या हातात जोर राहतो पावणेसात टन. निम्मं मशीन.

आणि सील किट आठ-दहा दिवस का टिकलं? ओरखड्यांनी नवीन सील खाल्लं. खरखरीत नळीत नवीन सील म्हणजे किसणीवर खोबरं. ज्याने सील टाकलं त्याने नळीत टॉर्च मारून बघायला हवं होतं, बोटाला जाणवतात ओरखडे.

मला सांगा, तुमचे ओंडके किती लांबीचे असतात? आणि पाचर पुढे जाताना वर उचलली जाते का, रेल आणि सरकत्या भागात किती फट आहे?

---

वखार_कराड

ओंडके सगळे दीड फुटाचे, बॉयलरवाल्यांना तेवढेच लागतात. पाचर लाकडाला टेकली की उचलते थोडी, ते पहिल्यापासूनच आहे, एक बोट आत जाईल एवढी फट असेल.

---

पॉवरपॅक_सांगली

एक बोट! दादा, तिथंच मूळ आहे.

स्ट्रोक ६००, ओंडका ४५०, म्हणजे पाचर दरवेळी साधारण १५० ला लाकडाला टेकते आणि सगळ्यात जास्त मार पुढच्या चार-सहा इंचात. पाचर उचलली की रॉड वाकडा दाबला जातो, रॉड वाकडा की आतला पिस्टन तिरका, तिरका पिस्टन आधी वेअर रिंग (पिस्टन नळीला घासू नये म्हणून असलेली कडी) घासून संपवतो आणि मग लोखंडाला लोखंड. दिवसाला शेकडो वेळा त्याच जागी. माझ्या अंदाजाने ओरखडे १५० ते ३०० च्या मध्येच निघतील. सिलिंडर खोला, पण नुसतं सील टाकून बंद करू नका, आणि रॉड लेथवर दोन्हीकडनं धरून डायलने (बाक मोजायच्या मीटरने) बघून घ्या, बाक आलेला असणार. मशीन परत जोडायच्या आधी ती रेलची फट काढा, नाहीतर नवीन नळी पण वर्षभरात अशीच होईल.

आणि अडकलेल्या ओंडक्यावर हँडल धरून बसायची सवय गड्यांना सोडायला लावा. रिलीफ उघडा राहिला की पंपाची सगळी ताकद उष्णतेत जाते, तुमच्या मशीनला ती चार किलोवॅटच्या वर आहे, म्हणजे ३० लिटरच्या टाकीत दोन गिझर चालू ठेवल्यासारखं. अडकलं की मागे घ्यायचं, दोन सेकंदाच्या वर धरायचं नाही.

---

लाकूडवाली_चंद्रपूर

भाऊ, मशीनचं ते दादा सांगून राहिले ते बरोबरच असेल, मी लाकडाचं सांगते. माझ्या सासऱ्यांची वखार आता मी बघते, आमच्याकडे पण असंच मशीन आहे, मोठं आहे थोडं, १२५ बोअरचं.

पाचर उचलते त्याचं अर्धं कारण बहुतेक वेळा ओंडका वाकडा कापलेला असतो. चेनसॉवाला घाईघाईने तिरका कापतो, मग ओंडक्याचं एक टोक प्लेटवर कडेनेच टेकते आणि जोर सरळ न जाता वर जाते. मी कटाई करणाऱ्यांना सांगूनच ठेवलंय की दोन्ही तोंडं सरळ पाहिजेत, तिरका आला तर तो ओंडका मी बाजूला काढते आणि वजनात धरत नाही. पंधरा दिवसांत सगळे सरळ कापायला लागले.

दुसरं असं की बाभूळ ओली असतानाच फोडा. वाळली की लोखंड होते. निलगिरीचं पण तेच, वाळली की आतले धागे पिळे घेतात आणि पाचर नुसती चेपत जाते, फुटत नाही. ओली फोडून मग रचून वाळवा, फोडलेली लवकर पण वाळते. चिंच ओली असो का वाळलेली, तिचे धागे एकमेकांत विणलेलेच असतात, तिला मधोमध कधीच घालू नका. कडेकडेने चार बोटांच्या चिरफळ्या काढत या, मग मधला गाभा राहतो तो फोडा किंवा तसाच जाड जळणात घाला, बॉयलरवाले घेतात. गाठ असेल तर गाठीचं टोक प्लेटकडे ठेवायचं आणि बिनगाठीच्या तोंडातनं पाचर घालायची, चीर पडून गाठीपर्यंत गेली की गाठ पण बऱ्याचदा सुटते. आणि कधीही ओंडका आडवा घालून रेषांना कापायला जाऊ नका, आमचा पहिला रॉड त्यातच वाकला होता.

तुमच्या पाचरीला चार पाती आहेत का दोन? चार असतील तर चिंच आणि मोठ्या बाभळीला ती काढून ठेवा, एका धक्क्यात चार तुकडे होतात खरं पण जोर पण तेवढा जास्त लागते.

---

वखार_कराड

ताई, तुम्ही बघितल्यासारखं लिहिलंय. मागच्या दिवाळीनंतर मी चार पात्यांची पाचर बसवून घेतली होती, काम लवकर होईल म्हणून. आणि ओंडके तिरके असतातच आमच्याकडे, कधी कुणी बोललंच नव्हतं त्याबद्दल. रविवारी सिलिंडर खोलतोय, लेथवाल्याशी बोलून ठेवलंय.

---

वखार_कराड

मंडळी, थोडा उशीर झाला लिहायला, काम संपवूनच लिहू म्हटलं.

सिलिंडर खोलला. मागच्या तोंडातनं मोजलं तर १६० पासून ३१० पर्यंत खालच्या अंगाला ओरखडे, दोन तर एवढे खोल की नख अडकत होतं. बाकीची नळी आरशासारखी. चार महिन्यांपूर्वीचं सील खालच्या बाजूने कुरतडल्यासारखं झालेलं आणि वेअर रिंग नावालाच उरलेली, पिस्टनच्या लोखंडावर एका बाजूला घासल्याची चकाकी. रॉड लेथवर धरला तर मध्ये दीड एमएम बाक. सांगलीच्या दादांनी फोटो न बघता, मशीनला हात न लावता दीडशे ते तीनशे सांगितलं होतं. वडील वखारीत बसलेले, त्यांना मी तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते म्हणाले या माणसाला एकदा घरी जेवायला बोलव.

लेथवाला म्हणाला होनिंग करून (नळी आतनं घासून गुळगुळीत करून) ओरखडे जातील पण बोअर एवढा वाढेल की १०० चं सील धरणार नाही, म्हणून नळी नवीन घेतली, होन केलेली तयार मिळते ती. पिस्टन नवीन बनवला, त्याला दोन वेअर रिंग घालून घेतल्या, आधी एकच होती. रॉड पण नवीन, हार्डक्रोमचा. सगळं मिळून नवीन पंपाच्या भावापेक्षा जास्तच गेले हे खरं आहे, पण पंप घेतला असता तर तो बसवून परत इथंच आलो असतो. पंप उघडला पण नाही, तसाच आहे.

रेलचं काम फॅब्रिकेशनवाल्याकडून केलं. सरकत्या भागाच्या खाली आणि दोन्ही बाजूंना गनमेटलच्या पट्ट्या बसवल्या आणि बाजूनं बोल्ट दिले, झिजलं की बोल्ट आवळून फट काढता येते. आता पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढीच फट आहे. टाकी साफ केली तर तळाला लोखंडाचा चुरा काळ्या रव्यासारखा बसलेला, सक्शनची जाळी निम्मी भरलेली. टाकी ६० लिटरची नवीन करून घेतली, रिटर्नला फिल्टर टाकला, तो आधी नव्हताच. तेल ६८ च, नवीन. चार पात्यांची पाचर काढून ठेवली, फक्त आंब्याला लावतो.

आकडे देतो. थंड असताना शेवटाला १५०, लाकडात १५०. अडीच तास काम करून टाकी ५७ डिग्री, तेव्हा शेवटाला १५० आणि चिंचेच्या गाठीत १४८. मोटर लाकडात १०.५ अँपिअर खाते. काल दुपारी दोन वाजता उन्हात वाळलेली बाभूळ फोडली, तीन ओंडके अडकले, बाकी सगळे गेले. तिन्ही तिरके कापलेले होते, ते बाजूला काढून ठेवलेत, कटाईवाल्याला दाखवायला.

एकच विचारायचंय, जुना रॉड सरळ करून स्पेअर ठेवू का?

---

पॉवरपॅक_सांगली

वाचून फार बरं वाटलं दादा. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

जुना रॉड प्रेसमध्ये सरळ होतो पण क्रोमला बारीक तडे जातात, उन्हात धरून नखाने बघा, तडे असतील तर ते पुढचं सील खातात. तडे नसतील तर ग्रीस लावून, कापडात गुंडाळून, उभा न ठेवता आडवा ठेवा. गेज तसंच लाइनवर राहू द्या, त्याच्याआधी एक छोटा बंद करायचा कॉक टाका म्हणजे रोज धक्के खाऊन काटा मरणार नाही, आठवड्यातनं एकदा कॉक उघडून गरम असताना दोन्ही आकडे बघायचे. लाकडातला आकडा १३० च्या खाली दिसला की आधी रेलचे बोल्ट बघा. नवीन तेल आहे तरी रिटर्नचा फिल्टर पहिल्या ५० तासांनी एकदा बदला, नवीन नळी, नवीन पिस्टन आणि टाकीच्या वेल्डिंगचा बारीक कचरा सुरुवातीला सुटतोच.

---

लाकूडवाली_चंद्रपूर

तिरके तीन ओंडके ठेवलेत ते बरं केलं भाऊ. दाखवाच त्याला. आणि मोजायला पण लावा, माझ्याकडे दीड फुटाच्या ऐवजी वीस इंचाचे पण निघत होते, तेवढा माल बॉयलरवाल्याने परत पाठवला होता.

---

वखार_कराड

हो ताई, उद्या सकाळी येतोय तो गाडी घेऊन. फिल्टरची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवली आणि कॉक आजच आणला.